किल्लीबाईंनी न विचारलेला प्रश्न

माझ्या सासूबाई घरं विकतात. मी म्हणते, विकायचा प्रयत्न करतात, आणि यावरून आमचं महिन्यातून एकदा तरी वाजतं. त्यांचं म्हणणं असं की घर कधी ना कधी विकलं जातंच, आपण तोपर्यंत पाय रोवून उभं राहायचं असतं. एकोणीस वर्षं त्या उभ्या आहेत. मी चार वर्षांपूर्वी त्यांच्या ऑफिसात बसायला लागले आणि माझे आत्ताच पाय दुखतात. मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको.

गल्लीत त्यांना सगळे किल्लीबाई म्हणतात. कमरेला बांगडीएवढी लोखंडी कडी आणि तिच्यात तेवीस किल्ल्या. एकीलाही चिठ्ठी नाही, नंबर नाही. मी एकदा हौसेनं प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून दिला. संध्याकाळी सगळे दोरे कचऱ्याच्या डब्यात. "मला माझी माणसं ओळखायला त्यांचे कपडे बघावे लागतात का गं?" म्हणाल्या. अंधाऱ्या जिन्यात उभ्या राहून नुसत्या बोटांनी किल्ली निवडतात आणि ती बरोबर निघते. मला याचा राग येतो, पण काय करणार, निघते बरोबर.

ऑफिस म्हणजे एक जुनं झेरॉक्सचं दुकान. दोन टेबलं, एक पंखा आणि भिंतीवर मशीन ठेवायची त्या जागेचा काळा चौकोन. पूर्वी म्हणे महिन्याला तीन घरं जायची. गेल्या अख्ख्या वर्षात तीन गेली. तरणीताठी मुलं कामासाठी बाहेर जातात, आणि जी मागे राहतात त्यांच्या डोक्यावर छप्पर असतंच. मग येतात कोण, तर बघे. रविवारी जेवून झालं की दुपार कशी काढायची म्हणून नवरा-बायको घरं बघायला निघतात. सगळ्या खोल्या फिरतात, कपाटं उघडतात, भिंतीवर टिचक्या मारतात आणि जाताना म्हणतात, "कळवतो." कळवतो म्हणजे नाही, हे मला पहिल्या महिन्यात कळलं. सासूबाईंना अजून कळलेलं नाही, किंवा कळूनही त्या ढिम्म आहेत.

दर गुरुवारी आम्ही रिकाम्या घरांची फेरी करतो. खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, संडासात पाणी ओतायचं. घर बंद राहिलं की बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास घरात शिरतो. एकदा का तो वास गिऱ्हाइकाच्या नाकात बसला, की मग भिंतींना सोनं लावलंत तरी उपयोग नाही. दुसरा कुठलाही दलाल ही उठाठेव करत नाही. सासूबाई करतात, आणि माझ्याकडून करवून घेतात.

त्यांचे धंद्याचे नियम तीन. पहिला, घराची खोड आधी दाखवायची. ओल आलेली भिंत, लटपटता कठडा, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज, सगळं दारातच सांगून मोकळं व्हायचं. दुसरा, घर दाखवण्यापुरतं सोडलं तर विकणारा आणि घेणारा यांची गाठ सौदा ठरेपर्यंत पडू द्यायची नाही, कारण ते परस्पर बोलले की एकतर भांडतात नाहीतर आपल्याला वगळून व्यवहार करून टाकतात. आणि तिसरा, विकणाऱ्याला का विकताय आणि कुठे चाललात हे कधीही विचारायचं नाही. त्याचं असं झालं, की धंद्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका बाईला सहज विचारलं, "का हो विकताय?" ती बाई जिन्याच्या पायरीवर बसली आणि तासभर रडली. नवरा गेला होता, मुलगी सासरहून परत आली होती, काय आणि काय. तेव्हापासून सासूबाईंनी तो प्रश्न धंद्यातून काढून टाकला. "घर विकणाऱ्याच्या जखमेवरची खपली आपण का काढायची?" असं त्या म्हणतात. मला ते पटायचं. खोटं कशाला बोलू, या एका बाबतीत मला त्यांचा अभिमानच होता.

आता टेलरकाका आणि काकूंचं सांगते, कारण या नियमांचा फज्जा उडाला तो त्यांच्या घरात.

टेलरकाकांचं घर आमच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या, मी मोजल्यात, प्रत्येक वेळी शिव्या घालत मोजल्यात. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी ते घर घेतलं ते उजेडासाठी. समोरच्या खोलीत लांबलचक खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड. काका मशीनवर बसायचे आणि काकू खिडकीशी बसून काजं करायच्या. गल्लीतल्या निम्म्या शर्टांची काजं त्या खिडकीत झालेली आहेत.

दहा महिन्यांपूर्वी काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी त्यांना खुर्चीत बसवून चार माणसांनी वर चढवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा हात सुटला. खुर्ची कलंडली, पडली नाही, पण काकूंनी तिथेच जाहीर केलं, "मी काही कपाट नाही. यापुढे मला कुणी उचलायचं नाही." डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घेऊन घरात हिंडा, रस्त्यावर हिंडा, पण जिन्याची चढ-उतार बंद. एकदा सावकाश उतरलात तर चालेल, परत चढायचं मात्र नाव काढू नका.

म्हणजे उतरायचं तर कायमचं. आणि कायमचं उतरायचं तर खाली घर हवं.

आठ महिने काकू त्या खिडकीत होत्या. भाजी पिशवीला दोरी बांधून वर ओढायच्या आणि भाजीवाल्याशी तिसऱ्या मजल्यावरून घासाघीस करायच्या. भाजीवाला नवा होता, त्या पडल्यानंतर गल्लीत यायला लागलेला. मला म्हणाल्या, "मला हल्ली माणसांची तोंडं आठवत नाहीत गं. टाळू ओळखते मी सगळ्यांच्या. तुझ्या सासूबाईंचे केस मागून फार विरळ झालेत, तेल लाव म्हणावं." हसत हसत बोलल्या, मला मात्र हसू आलं नाही.

सासूबाईंनी त्यांच्यासाठी तळमजल्याचं घर हेरूनच ठेवलं होतं. त्याच गल्लीत, सहा इमारती सोडून, दाराला एकच पायरी. ते घड्याळवाल्यांचं. घड्याळवाले एकटे, पन्नाशीचे, अबोल. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान बंद करून घरीच काम करायचे. त्यांनीही घर विकायला काढलं होतं. दाराशी एक ट्रंक कायम भरलेली दिसायची, त्यामुळे आम्ही दोघींनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की हे भावाकडे नाहीतर बहिणीकडे दुसऱ्या गावी चाललेत. विचारायचा प्रश्नच नव्हता.

आधी काकांचं घर विकायचं, त्या पैशात घड्याळवाल्यांचं घ्यायचं, असा सरळ हिशेब. घोडं अडलं ते पहिल्याच पायरीवर. घर बघायला आलेला माणूस चोपन्न पायऱ्या चढून धापा टाकत दारात यायचा, समोर खुर्चीत काकू दिसायच्या, शेजारी वॉकर दिसायचा, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायचा. कळवतो, म्हणायचा. मग काकांनी आमच्या नकळत एक शहाणपणा केला. गिऱ्हाईक आलं की काकूंना आतल्या खोलीत बसवून दार ओढून घ्यायला लागले. "झोपली आहे," म्हणायचे. आता बंद खोली बघितल्यावर कोण घर घेईल? एका बाईनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, आत कुणी वारलंबिरलं का म्हणून.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या तरातरा वर गेल्या. एवढ्या चिडलेल्या मी त्यांना क्वचितच बघितलंय. "काका, माझ्या धंद्यात खोड आधी दाखवतात. आणि काकू ही खोड नाही. उद्यापासून घर त्याच दाखवतील, खुर्चीत बसून. तुम्ही गुपचूप मशीन चालवा."

तसं झालंही. काकू घर फार छान दाखवायच्या. कुठल्या नळाला दुपारी पाणी कमी येतं, वर गच्ची असल्यानं उन्हाळ्यात कुठली भिंत तापते, उजेड कधी कुठे असतो. लोक ऐकत बसायचे, खूश होऊन जायचे आणि कळवायचे नाहीत. सात महिने झाले. मी हात टेकले होते. सासूबाई मात्र रोज सकाळी कडी कमरेला अडकवून, जणू आज तीन घरं विकायची आहेत अशा थाटात निघायच्या.

आणि एक दिवस घड्याळवाले स्वतः ऑफिसात आले. चोपड्या चाळत बसलेल्या मला त्यांनी नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सासूबाईंना म्हणाले, "एक फरशीवाले आलेत. त्यांना माल ठेवायला गोदाम हवंय. पंधरा दिवसांत व्यवहार करतो म्हणतात. मी आणखी थांबू शकत नाही हो."

गल्लीत तळमजल्याचं दुसरं घर विक्रीला नव्हतं, आणि आमचा बाजार बघता पुढची दोन वर्षं निघेल असंही नव्हतं. तिथे फरशीची खोकी रचली जाणार आणि काकू खिडकीत माणसांच्या टाळू बघत बसणार.

"पंधरा दिवस आहेत ना? दहा मला द्या," सासूबाई म्हणाल्या.

ते गेल्यावर मी उखडलेच. "आई, सात महिन्यांत जे झालं नाही ते दहा दिवसांत कसं करणार तुम्ही? जादू?"

"तू चहा कर," त्या म्हणाल्या.

चहा पिऊन आम्ही काकांकडे गेलो. सासूबाईंचा बेत असा होता, की काकांनी आपलं घर विकलं जायची वाट न बघता भाच्याकडून पैसे उसने घेऊन, जमेल तसं करून, आधी घड्याळवाल्यांचं घर अडवून ठेवायचं. काका तयार होते. काकूंनी मान हलवली. "न बघता मी घर घेणार नाही. माझं हाड मोडलंय, डोकं नाही. उद्या तिथे कोंदट निघालं तर मी काय करू? परत वर येता येणार नाही मला."

आता बघायचं तर उतरायला हवं आणि उतरलं तर चढता येत नाही. काकांनी मशीनचं चाक उगाचच अर्धं फिरवलं.

सासूबाई म्हणाल्या, "घर काही वर येत नाही. पण घरमालक येऊ शकतो. काकू, तुम्ही त्यालाच विचारा काय ते. मी उद्या घेऊन येते."

मी तर बघतच राहिले. दुसरा नियम एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोडला जात होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास घड्याळवाले आले. चोपन्न पायऱ्या चढूनही दम लागला नव्हता, हे मी बघून ठेवलं. सासूबाईंनी ओळख करून दिली, मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर घड्याळवाले बसलेच नव्हते. ते थेट खिडकीशी गेले होते. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं होतं, मनगटावरचं घड्याळ सोडून त्याचं मागचं झाकण न्याहाळत होते. मग हात जरा डावीकडे नेला, जरा उजवीकडे नेला. पुन्हा बघितलं.

काकूंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "तुम्ही घर का विकताय?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले, मी शेजारी होते. आता हा माणूस जिन्यावर जाऊन रडणार, असं त्यांना वाटलं असणार.

घड्याळवाल्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "अंधार आहे हो तिथे," म्हणाले. "दिवसभर दिवा लावून काम करतो. पूर्वी चालायचं. आता त्या दिव्यात बारीक स्क्रू दिसत नाहीत, सांडतात. अर्धं काम परत पाठवतो. उजेडाचं घर बघायचंय मला, पण आधी हे विकलं गेल्याशिवाय कुठून बघणार?"

"आणि ती ट्रंक?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सुटे भाग आहेत. जुन्या घड्याळांचे."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा हात कमरेच्या कडीवर गेला होता आणि बोटांत दोन किल्ल्या होत्या. काकांची, कारण काकूंना उठून दार उघडायला वेळ लागायचा म्हणून त्यांनी एक देऊन ठेवली होती. आणि घड्याळवाल्यांची, कारण भिंग लावून बसलं की त्यांना उठायला नको असायचं. सात महिने दोन्ही किल्ल्या त्या एकाच कडीत शेजारी शेजारी घेऊन त्या गिऱ्हाईक शोधत गल्लीभर हिंडल्या होत्या.

"अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी घड्याळवाल्यांवरच तोंड टाकलं.

"कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. त्यात काडीचाही टोमणा नव्हता, म्हणून तो जास्तच लागला.

सासूबाईंना सावरायला किती वेळ लागला म्हणाल? एक घोट पाणी. पदर खोचला आणि घर दाखवायला सुरुवात केली, खोडीपासून. पाणी दुपारी कमी, भिंत तापते, पायऱ्या चोपन्न. "आणि आज तुम्हाला दम लागला नाही, पण वीस वर्षांनी लागेल. तेव्हा तुम्हीही याच खुर्चीत बसाल. हे ऐकून घ्या आणि मग हो म्हणा."

घड्याळवाल्यांनी पुन्हा खिडकीकडे बघितलं. "वीस वर्षांनी तुम्ही असालच की किल्ली घेऊन," म्हणाले.

काकूंचा मात्र उलटतपास संपला नव्हता. तिथे अंधार म्हणजे किती अंधार? ओल आहे का? दारात बसलं तर काय दिसतं? घड्याळवाल्यांनी एकेकाचं नीट उत्तर दिलं. ओल नाही. आत अंधार, पण दाराशी सकाळी दहापर्यंत ऊन. दारात बसलं तर रस्ता दिसतो, येणारीजाणारी माणसं दिसतात, कुणी ना कुणी थांबून बोलतंच, आणि कामात त्याचा फार व्यत्यय येतो. हे त्यांनी अगदी तक्रारीच्या सुरात सांगितलं. काकूंनी काजं करायची सुई पिनकुशनला टोचून ठेवली आणि काकांना म्हणाल्या, "घ्या हो घर."

दोन्ही घरांच्या किमतीत फरक किरकोळ निघाला, तो काकांनी भाच्याला न विचारताच भागवला. नवव्या दिवशी दोन्ही व्यवहारांवर सह्या झाल्या. फरशीवाले आम्हाला वाट्टेल ते बोलून गेले, आणि सासूबाईंनी त्यांना त्याच दमात स्टेशनमागचा एक रिकामा गाळा दाखवला.

परत येताना मी म्हटलं, "आई, फसलात बरं का तुम्ही या वेळी. चांगलं वागायच्या नादात."

मला वाटलं, उसळतील. त्यांनी कडी कमरेला नीट अडकवली. मग म्हणाल्या, "त्या बाईला रडू आलं ते मला बघवलं नव्हतं गं. म्हणून विचारणं सोडलं. लोकांसाठी सोडलं असं सांगत आले, पण सोडलं ते स्वतःसाठीच." मग लगेच, "आणि तू हे ऑफिसात बसून चारचौघांत सांगू नकोस." म्हणून इथे सांगतेय.

सामान हललं त्या दिवशी काकू उतरल्या. काकांनी भाच्याला आणि दोन हमालांना खुर्ची घेऊन बोलावलं होतं, काकूंनी तिघांना हाकललं. कठड्याला एक हात, सासूबाईंच्या खांद्यावर दुसरा. वॉकर माझ्याकडे. प्रत्येक वळणावर मी स्टूल ठेवायची, त्या बसायच्या, घाम पुसायच्या, पुन्हा उठायच्या. खुर्ची कलंडली होती त्या वळणावर जरा जास्त वेळ थांबल्या. कुणी घाई केली नाही. चोपन्न पायऱ्यांना पन्नास मिनिटं लागली, आणि त्या संपूर्ण वेळात सासूबाई एकदाही "जपून" म्हणाल्या नाहीत. मी मात्र शंभरदा म्हणाले असेन.

खाली उतरल्यावर काकूंनी सासूबाईंचा चेहरा नीट बघितला. "समोरून बऱ्या दिसता की," म्हणाल्या.

सहा इमारती त्या वॉकर घेऊन चालल्या. नव्या घराच्या दाराशी सासूबाईंनी कडीतून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. काकूंनी स्वतः कुलूप उघडलं, एक पायरी चढल्या, आत गेल्या. आम्हाला वाटलं, आता बसतील. त्या वळल्या आणि एक पायरी उतरून बाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या, पुन्हा बाहेर आल्या. काका म्हणाले, "अगं, काही राहिलं का?" काकू म्हणाल्या, "काही नाही. जाऊन बघतेय नुसतं." मला रडू फुटलं, लपवत नाही. सासूबाईंनी कडी घट्ट धरली होती आणि त्या भलतीकडेच बघत होत्या.

तेवढ्यात भाजीवाल्याची गाडी आली. काकू वॉकर टेकत त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि आठ महिन्यांच्या सवयीच्या आवाजात विचारलं, "टोमॅटो कसे दिलेस रे?"

भाजीवाल्यानं सवयीनं मान वर केली आणि वरच्या खिडक्यांमध्ये काकूंना शोधायला लागला.

"अरे, इकडे," काकू म्हणाल्या. "खाली."